नोकरी बँकेत, सराव रोज: कानाझावाच्या ‘हनी बी’ हँडबॉल संघाविषयी

विट्याच्या एका क्रीडाशिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “डिसेंबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत जपानच्या महिलांनी कोरियाला हरवून आशियाई हँडबॉल स्पर्धा जिंकली. नंतर कळलं की जपानचा सर्वांत दबदबा असलेला महिला क्लब एका बँकेचा आहे. या खेळाडू खरोखर बँकेत काम करतात की नोकरी फक्त कागदावर? उंचीने त्या आमच्या शाळेतल्या मोठ्या मुलींपेक्षा फार जास्त वाटल्या नाहीत. मग फरक पडतो कुठे?”

मॅडम, आधी सरळ उत्तर देते. नोकरी खरी असते आणि खेळही हौसेपुरता नसतो. फरक कुठे पडतो, याचं उत्तरही त्या नोकरीतच दडलंय. त्याच बायका वर्षानुवर्षं एकमेकींच्या शेजारी उभ्या राहून बचाव करतात. कमी उंचीच्या संघाला दुसरा उपाय नाही, आणि पोटापाण्याची सोय असल्याशिवाय बायका इतकी वर्षं एकत्र टिकत नाहीत. बाकी सगळा तपशील आहे, पण तो रंजक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मुलींना हँडबॉल शिकवते आणि जपान-कोरियाचे सामने आवडीने बघते. नॉर्वे आणि डेन्मार्कचा खेळ बघायला अप्रतिम, पण तो घेऊन आपल्या मैदानावर उतरायचं तर १८५ सेंटिमीटरची डावखुरी बॅक, म्हणजे मागून लांबवरून गोलावर फेकणारी खेळाडू, कुठून आणायची? पूर्व आशियाचा खेळ आपल्या मुलींच्या बांध्याला जवळचा आहे.

तो क्लब म्हणजे कानाझावा शहरातल्या होक्कोकु बँकेचा संघ. ‘होक्कोकु बँक हनी बी’ या नावाने तो बरीच वर्षं खेळला, आता नावापुढे ‘इशिकावा’ हे प्रांताचं नावही आलंय. इशिकावा जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. थंडीत तिथे भरपूर बर्फ पडतो आणि शिंकान्सेन रेल्वे कानाझावापर्यंत पोचली ती थेट २०१५ मध्ये. बँक १९४३ ची. आपल्याकडे जिल्हा मध्यवर्ती बँकेचं गावोगावच्या व्यवहारात जे स्थान असतं, साधारण तेच स्थान जपानमध्ये या प्रादेशिक बँकांचं. टोकियोच्या बड्या बँकांशी त्यांची स्पर्धा नसते. आपल्या प्रांतातला छोटा कारखानदार, दुकानदार, पगारदार हेच त्यांचे ग्राहक. अशा बँकेने चार दशकांहून जास्त काळ महिलांचा हँडबॉल संघ चालवला आणि २०१४-१५ च्या हंगामापासून सलग कित्येक वर्षं राष्ट्रीय लीग जिंकली. राष्ट्रीय संघाच्या निवडीतही या क्लबच्या मुली सातत्याने दिसत आल्या.

आता नोकरीचं. जपानमध्ये कंपनी-संघाची जुनी परंपरा आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचं सुवर्ण जिंकणारा महिला संघ आठवा. त्यातल्या बहुतेक खेळाडू निचिबो या कापड कंपनीच्या काइझुका गिरणीच्या संघातल्या होत्या, आणि प्रशिक्षक हिरोबुमी दाईमात्सु त्याच कंपनीचे. दिवसा कामावर, संध्याकाळपासून मैदानावर. तोच साचा हँडबॉलमध्येही आला. मुलगी शाळा किंवा विद्यापीठ संपवून एप्रिलमध्ये, म्हणजे जपानमध्ये सगळे नवे कर्मचारी रुजू होतात तेव्हाच, कंपनीत लागते. तिला टेबल असतं, साहेब असतो, बरोबरच्या कर्मचाऱ्यांसारखाच पगार असतो. हंगामाच्या गरजेप्रमाणे ती दुपारी कामावरून सुटते आणि सरावाला जाते. शनिवार-रविवार सामने, त्यासाठी प्रवास. कुठल्या संघात कामाचे तास जास्त, कुठे कमी. नोकरी कुठे कायम, कुठे कराराची. अलीकडे निव्वळ खेळासाठी करारबद्ध असलेल्या खेळाडूही दिसू लागल्यात. पण या पद्धतीचा कणा अजून तोच आहे: खेळ थांबल्यावर मुलीच्या हातात काहीतरी राहतं.

आपल्या वाचकांना हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या क्रिकेटमधली टाइम्स शिल्ड ही कार्यालयांच्याच संघांची स्पर्धा. कबड्डीतले देना बँक, महिंद्र, भारत पेट्रोलियमचे संघ आठवणारी पिढी अजून मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसते. फरक पुढच्या टप्प्यात आहे. आपल्याकडे राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते चांगलंच आहे. पण ते मिळालेल्या पदकाचं बक्षीस म्हणून येतं. मुलगी तलाठी झाली की दूर कुठल्यातरी तालुक्यात जाते आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूला बचावात उभ्या राहणाऱ्या दोघी आणखी दोन जिल्ह्यांत. खेळ तिथेच संपतो. रेल्वे आणि सशस्त्र दलांचे संघ याला अपवाद आहेत, कारण तिथे नोकरी लागल्यावर खेळायचं असतं. राष्ट्रीय स्पर्धांत ते संघ पुढे का असतात, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पण एखादी बँक एवढा खर्च का करते? प्रसिद्धी म्हणावं तर महिला हँडबॉलला जपानमध्ये प्रेक्षक मर्यादितच, बेसबॉल आणि फुटबॉलच्या जवळपासही नाहीत. खरं उत्तर शोधायचं तर कोकुताईकडे बघावं लागतं. ही त्यांची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, कोकुताई हे तिचं २०२३ पर्यंतचं नाव. १९४६ मध्ये सुरू झाली, दर वर्षी वेगळ्या प्रांतात भरते. ४७ प्रांत एकमेकांशी लढतात. सर्व खेळांचे गुण एकत्र करून पहिल्या प्रांताला सम्राटाचा करंडक आणि महिलांच्या गुणांत पहिल्या येणाऱ्या प्रांताला सम्राज्ञीचा करंडक मिळतो. यजमान प्रांतच जिंकायला हवा अशी एक न लिहिलेली अपेक्षा असते आणि बहुतेक वेळा तो जिंकत आलाय. त्यासाठी तयारी कित्येक वर्षं आधी सुरू होते. क्रीडागृहं बांधली जातात, चांगल्या खेळाडूंना शाळांत शिक्षक म्हणून घेतलं जातं, आणि स्थानिक कंपन्यांना गळ घातली जाते की तुम्ही हा खेळ सांभाळा, तुम्ही तो.

इथे महिला हँडबॉल सोयीचा पडतो. पुरुषांच्या बेसबॉलमध्ये ताकद उभी करायला पैसा आणि दशकं लागतात. महिला हँडबॉलमध्ये पंधरा-सोळा चांगल्या मुली, एक क्रीडागृह आणि एक जिद्दी प्रशिक्षक मिळाला तर प्रांताच्या खात्यात गुण जमा होऊ शकतात. इशिकावाने कोकुताई भरवली १९९१ मध्ये, कुमामोतोने १९९९ मध्ये. कागोशिमाची २०२० ची स्पर्धा साथीमुळे लांबली आणि २०२३ मध्ये झाली. आता महिला हँडबॉलचा नकाशा पाहा: इशिकावात होक्कोकु बँक, कुमामोतोतल्या यामागा या लहानशा गावात ओमरॉनचा संघ, कागोशिमातल्या किरिशिमाला सोनीच्या सेमीकंडक्टर कारखान्याचा संघ. प्रत्येक संघाच्या जन्माची कथा कोकुताईपाशीच जाऊन थांबते असं म्हणणं अति होईल. ओमरॉनचा संघ तर कंपनीचं नाव तातेइशी इलेक्ट्रिक होतं तेव्हापासूनचा. पण या नकाशाच्या मध्यभागी टोकियो नाही, कारखान्याची गावं आणि प्रांतांची मुख्य ठाणी आहेत, हे ध्यानात घ्या. कोकुताईत याच मुली बँकेचा किंवा कारखान्याचा सदरा काढून प्रांताचा सदरा घालतात. बँकेच्या खातेदाराला तो संघ आपला वाटतो तो त्या सदऱ्यामुळे. जाहिरातीवर कितीही पैसा ओतला तरी असं नातं विकत मिळत नाही.

अर्थात कंपनीच्या जिवावर चालणारा संघ कंपनीच्या हिशोबाबरोबर बुडतोही. १९९० च्या दशकात जपानची अर्थव्यवस्था बसली आणि कंपन्यांनी खेळांवरचा खर्च छाटायला घेतला. त्या आणि पुढच्या दशकात महिला हँडबॉलमधली मोठी नावं एकामागून एक गेली: हिताची तोचिगी, जास्को, दाइवा बँक, ब्रदर इंडस्ट्रीज. शिलाई मशीनवाल्या ब्रदरचा नागोयातला संघ बंद झाला तेव्हा तिथल्या लोकांनी तो ‘एचसी नागोया’ या नागरिकांच्या क्लबच्या रूपात जिवंत ठेवला. तिथे एक मालक नाही, पुष्कळ लहान-मोठे आधार आहेत. सुझुका शहरातला ‘मिए व्हायोलेट आयरिस’ याच वळणाचा. तिथल्या मुली एकाच कंपनीत नसून गावातल्या वेगवेगळ्या ठिकाणी नोकरी करतात आणि सरावाला एकत्र येतात. यामागाच्या संघावरूनही पुढे ओमरॉनचं नाव गेलं आणि तो कुमामोतोच्या नावाने, ‘पिंडीज’ म्हणून, खेळू लागला. १९७६ पासून चालत आलेली जपान हँडबॉल लीग २०२४ मध्ये ‘लीग एच’ या नव्या नावाने उभी केली गेली. आता संघांच्या नावांत शहर किंवा प्रांत ठळकपणे येतो तो याच वळणाचा भाग. मालक बदलला तरी गाव बदलत नाही, एवढं त्यांना अनुभवाने कळलं.

एक नवा प्रकारही आहे, आणि मला तो फार हुशारीचा वाटतो. प्रेस्टिज इंटरनॅशनल ही ग्राहकसेवा केंद्रं चालवणारी कंपनी. मोठ्या शहरांपासून लांब, अकिता, यामागाता आणि तोयामा या प्रांतांत तिची केंद्रं आहेत. तिथे तिने ‘आरानमारे’ या एकाच नावाने महिलांचे तीन संघ उभे केले: अकितात बास्केटबॉल, यामागातात व्हॉलीबॉल, तोयामात हँडबॉल. शिकलेल्या तरुण मुली गाव सोडून टोकियोला जातात, त्यांनी इथे राहावं, इथे कामाला लागावं, हा त्यामागचा उघड हिशोब. असा हिशोब असलेलाच बरा. उदारतेवर चालणारा संघ पहिल्या मंदीत बंद पडतो.

हिरोशिमाच्या ‘मेपल रेड्स’बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इझुमी ही तिथली सुपरमार्केटची साखळी, तिच्या संघातून हा क्लब आला. १९९४ मध्ये, हिरोशिमात आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या त्याच वर्षी, लिम ओ-ग्यॉन्ग ही कोरियाची खेळाडू तिथे आली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघातली ती. विशीतच असताना ती त्या संघाची खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिका करू लागली आणि पुढची कित्येक वर्षं तिने हा संघ जपानच्या अव्वल रांगेत ठेवला. मध्ये तिला मुलगी झाली, तरी ती खेळत राहिली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कोरियाने डेन्मार्कविरुद्ध अंतिम सामना दोन वेळा जादा वेळ खेळून शेवटी सात मीटरच्या फेकींवर, म्हणजे पेनल्टींवर, गमावला, त्या संघातही ती होती. पुढे ती कोरियाच्या संसदेत निवडून गेली. तिच्याच पिढीतली ओ सॉन्ग-ओकही हिरोशिमात खेळली. जपानी महिला हँडबॉलने कोरियाकडून जे घेतलं, त्यातलं पुष्कळसं या बायकांबरोबर सरावात उभं राहून घेतलं. पुस्तकात वाचून पुढे येऊन बचाव करायला शिकता येत नाही.

आता मैदानावर येऊ. तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

समोर उंच युरोपीय संघ आहे आणि तुमच्या सहाही जणी गोलासमोरच्या सहा मीटरच्या रेषेला चिकटून भिंत करून उभ्या आहेत, असं समजा. समोरची बॅक नऊ मीटरवरून उडी मारते आणि तुमच्या वर केलेल्या हातांच्याही वरून चेंडू फेकते. १६५ सेंटिमीटरच्या मुलीने कितीही जीव तोडून हात वर केला तरी तो चेंडू तिला लागणार नाही. म्हणून सहा-शून्य बचाव कमी उंचीच्या संघाला महाग पडतो. उपाय म्हणजे पुढे जायचं. तीन-दोन-एक किंवा पाच-एक रचनेत, म्हणजे काही जणी रेषेवर आणि बाकीच्या पुढे, बचावपटू नऊ-दहा मीटरवर जाऊन बॅकला तिची धाव सुरू करण्याआधीच गाठते. चेंडू हातात येताना जिची पावलं बिघडली तिची उंची वाया जाते. हँडबॉलमध्ये चेंडू घेऊन तीनच पावलं टाकता येतात आणि तीनच सेकंद तो धरता येतो. या दोन मर्यादांवर सगळा डाव रचलेला आहे.

पण पुढे गेलात की मागे जागा उघडी पडते, आणि तिथे पिव्हट, म्हणजे तुमच्या बचावातच घुसून उभी असलेली समोरची खेळाडू, टपून असते. ज्या क्षणी तुमची एक मुलगी बाहेर पडते, त्या क्षणी तिच्या डावीकडची अर्धं पाऊल आत आली पाहिजे, उजवीकडचीने पिव्हटच्या चेंडूकडच्या बाजूला शरीर घातलं पाहिजे आणि गोलरक्षकाला कुठला कोपरा तिचा आहे हे आधीच माहीत असलं पाहिजे. हे ओरडून सांगायला वेळ नसतो. शेजारची कधी बाहेर पडेल, चकवली गेली तर कुठल्या खांद्याकडून चकवली जाईल, थकल्यावर तिचं कुठलं पाऊल मागे राहतं, हे सगळं अंगात मुरलेलं असावं लागतं. नवे चेहरे एकत्र आणून महिन्याभराच्या शिबिरात हे बसत नाही. मी प्रयत्न करणाऱ्यांना पाहिलंय, शिबिराच्या शेवटी मुली दमलेल्या असतात आणि बचावाला भोकं तेवढीच. हनी बीची ताकद मी मोजते ती इथे. एखादी चमकदार गोल करणारी खेळाडू कुठल्याही संघाला मिळू शकते. शेजारी-शेजारी हंगामामागून हंगाम घालवलेल्या दोघी मधल्या बचावपटू मिळायला बँकेसारखी स्थिर जागा लागते.

चेंडू मिळाला की दुसरा डाव सुरू होतो. समोरचा संघ परतून भिंत बांधायच्या आत गोल करायचा. मैदान ४० मीटर लांब. विंगवरच्या, म्हणजे दोन्ही कडांच्या, दोघी फेक होताच पळत सुटलेल्या असतात आणि गोलरक्षक चेंडू हातात येताच लांब फेकते. ही पहिली लाट. ती अडली तर मागून येणाऱ्या बॅकनी न थांबता घुसायचं, ती दुसरी. गोल खाल्ला तरी लगेच मध्यावर चेंडू आणून खेळ सुरू करायचा, समोरचीचा आनंद साजरा होऊन संपायच्या आत. कमी उंचीच्या संघाला ही घाई सवयीने करावी लागते, कारण एकदा समोर भिंत उभी राहिली की गोल महाग होतो. शिवाय २०२२ पासून नियमही कडक झालाय. गोलाचा प्रयत्न न करता वेळ काढला म्हणून पंचाने निष्क्रिय खेळाचा हात वर केला की आता चारच पास मिळतात, पूर्वी सहा होते. नुसतं इकडून तिकडे चेंडू फिरवत बसणाऱ्या संघाची त्यात गळचेपी होते.

भिंत उभी राहिलीच तर जपानी मुली आडव्या धावांनी तिला हलवतात. एक बॅक दुसरीच्या मागून जाते, बचावातल्या दोघींना क्षणभर कळत नाही कुणी कुणाला घ्यायचं, आणि त्या क्षणात पिव्हट किंवा विंग मोकळी. विंगवरून अगदी कमी कोनातून मनगटाने वळवून टाकलेला चेंडू जमिनीवर पडून गोलात वळतो. आणि स्काय प्ले: सहा मीटरच्या आत हवेत उडी मारलेल्या मुलीकडे पास द्यायचा आणि तिने जमिनीला पाय लागायच्या आत फेकायचा. प्रेक्षकांना तो तमाशा वाटतो, पण उंचीने मिळत नाही ती जागा हवेत मिळवायचा हा हिशोबी मार्ग आहे.

याचे निकाल काय? १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला हँडबॉल पहिल्यांदा आलं तेव्हा जपानचा संघ होता. त्यानंतर थेट २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत, तेही यजमान म्हणून, त्यांना जागा मिळाली नाही. मधल्या काळात कोरिया बहुतेक वेळा आडवा यायचा. २००७ मध्ये बीजिंग ऑलिंपिकसाठीच्या आशियाई पात्रता सामन्यांतल्या पंचगिरीवरून एवढा गदारोळ झाला की सामने २००८ च्या जानेवारीत टोकियोला पुन्हा खेळवले गेले. जपान तेही हरला, पण हँडबॉल पहिल्यांदाच तिथल्या घराघरातल्या टीव्हीवर पोचलं. २०१६ मध्ये उल्रिक किर्केली हा डेन्मार्कचा प्रशिक्षक महिला संघाकडे आला. २०१९ ची महिला विश्वस्पर्धा कुमामोतोत झाली, काही सामने त्या यामागा गावात. तिथे जपान दहावा आला. टोकियोत त्यांनी माँटेनेग्रोला २९-२६ ने हरवलं, बाकी सामने गेले.

मग ऑगस्ट २०२३. हिरोशिमात, घरच्या प्रेक्षकांपुढे, पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी कोरियाशी सामना आणि २४-२५ अशी एका गोलाची हार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोउच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच कोरियाला त्यांनी २९-१९ ने अक्षरशः धुतलं आणि आशियाडचं पहिलं सुवर्ण घेतलं. आणि तुम्ही म्हणता तो दिल्लीचा अंतिम सामना, २५-२४. त्याआधीच्या सलग सहा आशियाई स्पर्धा कोरियाने जिंकल्या होत्या, जपानचं याआधीचं विजेतेपद २००४ चं. तेही, योगायोगाने, हिरोशिमातच मिळालेलं.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे. एकच संघ वर्षानुवर्षं जिंकत राहिला तर लीग कंटाळवाणी होते आणि जिंकणाऱ्यांनाही घट्ट सामने मिळत नाहीत. विश्वस्पर्धेत पहिल्याच दिवशी समोर नॉर्वे उभी राहते तेव्हा ते जाणवतं. कंपनीची नोकरी सुरक्षित असते म्हणून मुली परदेशी जायला कचरतात, असंही मला वाटतं. ज्या गेल्या त्यांचा फायदा दिसतो. ओकिनावाची विंग आयाका इकेहारा २०१७ मध्ये मिए व्हायोलेट आयरिस सोडून डेन्मार्कच्या निकोबिंग फाल्स्टर संघात गेली आणि तिथल्या लीगमध्ये तिने स्वतःला सिद्ध केलं. ती नागरिकांच्या क्लबमधून गेली, बँकेतून नाही, हे मला सूचक वाटतं. यावर कुणी वेगळं मत मांडलं तर मी भांडणार नाही.

मुली मुळात येतात कुठून? शाळेतून. जपानमध्ये १९२२ साली ओतानी या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकाने हा खेळ आणला, तोही शिक्षकांमार्फत. तेव्हा तो अकरा-अकरा जणांचा होता. माध्यमिक शाळेत वर्ग सुटल्यावर रोज चालणाऱ्या क्रीडामंडळांत आजही तो शिकवला जातो. इशिकावाच्या शेजारच्या तोयामा प्रांतात हिमी नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथे दर वसंतात माध्यमिक शाळांच्या मुलामुलींची राष्ट्रीय हँडबॉल स्पर्धा भरते. अख्खं गाव हँडबॉलचं. इशिकावातच कोमात्सु शहराच्या नगरपालिकेची एक उच्च माध्यमिक शाळा मुलींच्या हँडबॉलसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे बँकेच्या दाराशी खेळाडू तयार होतात. वरच्या टप्प्यावर ओसाकाचं शारीरिक शिक्षण विद्यापीठ आहे. तिथे मुलींचा संघ वर्षानुवर्षं घडवणारे शिगेओ कुसुमोतो पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि हांगझोउचं सुवर्ण त्यांच्याच काळातलं.

तुमच्या शाळेपुरतं बोलायचं तर बँक आणता येणार नाही, पण दोन-तीन गोष्टी जमतील. आठवीतल्या मुली निवडल्यात तर बारावीपर्यंत बचावातल्या जोड्या शक्यतो मोडू नका. दर सामन्याला जागा बदलून सगळ्यांना संधी देण्याचा मोह होतो, पण तो आक्रमणात भागवा. अर्ध्या मैदानात तीन विरुद्ध तीन खेळवा, ड्रिबल बंद. त्यात आक्रमणाला पास शिकायला मिळतो आणि बचावाला शेजारचीकडे न बघता तिला ओळखायला. पुढे जाऊन गाठताना हात लांब करून ढकलू देऊ नका, कोपर वाकवून छातीजवळ ठेवून अडवायचं. सरळ हाताने ढकललं की पंच दोन मिनिटं बाहेर बसवतो आणि पाच जणींना सहा जणींची जागा भरावी लागते. शाळेत डावखुरी मुलगी कोण आहे ते पहिल्या आठवड्यात शोधा. ती खो-खोत असेल, भालाफेकीत असेल, नाहीतर कशातच नसेल. उजव्या विंगवर तिचा कोन दुप्पट मोकळा होतो.

आणि एक उपयोगाची जपानी युक्ती. मोठ्या स्पर्धांत चेंडूवर पकड यावी म्हणून बोटांना राळ लावतात, पण ती लाकडी फरशीला चिकटते, म्हणून जपानमधली पुष्कळ सार्वजनिक क्रीडागृहं तिला मनाई करतात. शाळेतल्या मुली मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बोटांच्या पेरांना गुंडाळून खेळतात. आपल्या मातीच्या किंवा सिमेंटच्या मैदानावर राळ लावली तर चेंडू थोड्याच वेळात धुळीने माखतो. टेपही धूळ पकडते, पण ती मध्यंतरात बदलता येते. मुलींना ५४ ते ५६ सेंटिमीटर घेराचा, म्हणजे दोन नंबरचा चेंडू लागतो. लहान हाताच्या मुलींना तो एका हातात धरता येत नसेल तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यांनाच टेप लावून पाहा. सगळी बोटं गुंडाळली तर चेंडू वेळेवर सुटत नाही आणि फेक खाली जाते.